बारावा नग पहिल्यासारखा

मुक्ताईनगरच्या पेठेतल्या सराफी दुकानात चांदीचा माल दोन वाटांनी येतो. एक वाट लांबची आहे: राजकोट, आग्रा, सेलम, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली चंदेरी नगरी हुपरी. तिकडचा माल प्लास्टिकच्या पुड्यांत, डझनावारी, एकसारखा येतो. सराफ वजन करतो, दर लावतो, पुडी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. दुसरी वाट दुकानाच्या मागच्या खोलीतून किंवा शेजारच्या बोळातून निघते. तिथं ऐरणीपुढं बसलेला कारागीर सांगितलेली वस्तू घडवतो. घरच्या देवांचे टाक, लेकीचे झुमके, बाळाचे वाळे, नवसाचं छत्र, कानबाई देवीच्या नारळाला लावायचे डोळे.

ही दुसरी वाट अरुंद होत चालली आहे. त्याचं कारण विचारलं की यंत्राकडे बोट दाखवलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. गिऱ्हाईक हातच्या कामापासून दूर जातं ते बऱ्याचदा अगदी साध्या कारणानं. झुमक्यांच्या जोडीतला एक दुसऱ्यापेक्षा पाव ग्रॅमनं जड निघतो. सहा जावा-नणंदांसाठी सहा जोड सांगितले, तर पहिला सुरेख आणि सहावा उरकल्यासारखा असतो. पाटल्यांच्या जोडीतली एक मनगटात सहज जाते, दुसरी अडते. आणि तक्रार केली की उत्तर मिळतं, ‘हातचं काम आहे, थोडा फरक राहणारच.’

हे उत्तर मला मान्य नाही. चांदीच्या पत्र्याला आकार देऊन दहा-बारा नग एकसारखे काढणं ही या भागातल्या कारागिराला परकी गोष्ट नव्हती आणि आजही नाही. त्याला मोठा कारखाना लागत नाही. लागतं ते मोजमाप, कामाचा क्रम आणि लिहून ठेवायची सवय. या लेखात तेच मांडायचं आहे, आणि त्यासाठी आधी या मुलखाकडे पाहायला हवं.

मुक्ताईनगर म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं जुनं एदलाबाद. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ, जवळच कोथळी आणि मेहूण ही मुक्ताईची ठाणी. महाशिवरात्रीला इथं यात्रा भरते, आणि आषाढीसाठी इथून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. केळी आणि कापूस हा इथला पैसा. तो हातात आला की त्यातला काही भाग अंगावर आणि देव्हाऱ्यात चांदी होऊन बसतो.

पण या गावाचा व्यापारी चेहरा पूर्वेकडेही आहे, बऱ्हाणपूरकडे. आज मधून राज्याची सीमा जाते. एके काळी बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानीच होती. जानेवारी १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. बऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून चांदीचे रुपये पडू लागले. रुपया म्हणजे काय, तर ठराविक कसाच्या चांदीचा ठराविक वजनाचा, ठशाखाली दाबलेला तुकडा. शेरशहानं घालून दिलेलं सुमारे साडेअकरा ग्रॅमचं वजन मोगलांनी पुढं चालवलं. यंत्रं नव्हती, चकत्या हातानं पाडायच्या, तोलायच्या, जड असेल तर कापायच्या, हलकी असेल तर परत मुशीत टाकायच्या, आणि मग वर ठसा ठेवून घण घालायचा. लाखो नगांचं एकसारखं वजन माणसांच्या हातांनी साधलं होतं.

त्याच बऱ्हाणपुरात जरीचं काम होतं. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ थर चढवून ती छिद्रांच्या पट्टीतून पुन्हा पुन्हा ओढायची, केसाइतकी बारीक तार काढायची, ती चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची. फ्रेंच व्यापारी तावेर्निये सतराव्या शतकात इथून गेला तेव्हा त्यानं सोन्या-रुप्याच्या धाग्यांच्या इथल्या कापडाबद्दल लिहून ठेवलं. तार एका जागी जाड आणि एका जागी बारीक निघाली तर ती मागावर तुटते. म्हणजे एकसारखेपणावाचून हा धंदा एक दिवसही चालला नसता.

पुढं इंग्रजी अमदानीत १८३५ च्या कायद्यानं रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरलं. बारा भागांत अकरा भाग चांदी. हाच तोळा, हाच ‘भार’. खेड्यातला शेतकरी राणीछाप रुपये मोजून सोनाराच्या हातात द्यायचा आणि तेवढ्या भाराच्या साखळ्या, तोडे, वाक्या घेऊन जायचा. वजनाचा आणि कसाचा, दोन्हींचा हिशेब त्या नाण्यातच असायचा. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. तेव्हापासून सोनाराच्या हातात येणाऱ्या चांदीचा कस आपोआप ठरलेला राहिला नाही. मोड येते ती दहा घरांची, दहा टंचांची. ती एकत्र वितळवली की प्रत्येक लगड वेगळी वागते: एक ठोकताना मऊ लागते, दुसरी कडेला फाटते. एकसारख्या कामाची पहिली अट म्हणूनच मुशीपाशी आहे. एका खेपेचे सगळे नग एकाच लगडीतून काढायचे.

चार भावांचे चार खंडोबा

पत्र्याचं काम आपल्याकडे सर्वात खोल रुजलं आहे ते टाकांत. देव्हाऱ्यातले ते चांदीचे छोटे उठावदार पत्रे: घोड्यावरचा खंडोबा, भवानी, जोतिबा, घराण्याचा वीर. नाशिक-खानदेशात होळीनंतर हेच वीर हातात घेऊन नाचत मिरवत नदीवर न्यायचे. टाक झिजला की तो उजळून किंवा नव्यानं घडवून देवाच्या भेटीला नेतात आणि मग परत देव्हाऱ्यात बसवतात. जुन्या टाकाची चांदी नव्यात घालायची, हेही बऱ्याच घरांत पाळलं जातं.

भाऊ वेगळे झाले की देव्हारे वेगळे होतात. चार भाऊ असतील तर चार खंडोबा लागतात, आणि चौघांनाही आजीच्या देव्हाऱ्यात होता तोच खंडोबा हवा असतो. तोच घोडा, तसाच उगारलेला हात, तोच चेहरा. छोट्या खेपेत एकसारखं काम करण्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. इथं फरक पडला तर तो केवळ दिसण्याचा राहत नाही, भावकीत बोलणी होतात.

हे साधतं ठशामुळं. काशाचा किंवा पितळेचा ठसा, त्यात देवाची आकृती खोल कोरलेली. तो एकदा नीट कोरला की सोनाराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पातळ पत्रा तापवून मऊ करायचा, ठशावर धरायचा, वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीनं बसवत जायचं. शिसं मऊ असतं. ते पत्र्याला ढकलत ठशाच्या बारीक खाचांपर्यंत नेतं, पण फाडत नाही. मग पत्रा काढून राळेवर बसवायचा, छिन्नीनं डोळे, दागिने, लगाम साफ करायचे, कडा कापायच्या.

यात एक धोका आहे आणि तो जाणत्या कारागिरानं शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगायला हवा. शिशाचा कण पत्र्याला चिकटून राहिला आणि तो पत्रा तसाच परत तापवला, तर शिसं चांदीत शिरतं. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसं ३२७ ला. दोन्ही मिळाली की त्याच्या आसपासची चांदी फार आधीच पाणी होते आणि पत्र्याला भोक पडतं. खंडोबाच्या चेहऱ्याला पडलेलं भोक कुठल्याही डाकेनं भरून निघत नाही. म्हणून शिसं आणि शेगडी यांच्यामध्ये घासकाम आलंच पाहिजे. शिवाय शिसं हे विष आहे. त्याची पूड नखांत घेऊन भाकरी खाणाऱ्या माणसाच्या रक्तात ते साचत जातं. आता शिशाऐवजी जाड रबर किंवा युरेथेनचा तुकडा वापरता येतो. तो चांदीला चिकटत नाही आणि दाबही सगळीकडे सारखा पोचवतो. जुनी सवय सोडावी असं हे एक ठिकाण आहे.

ठशाची ही युक्ती जगभर वेगवेगळ्या जागी सापडते. स्वीडनच्या ओलांड बेटावर तोर्सलुंडा गावी १८७० मध्ये काशाचे चार ठसे मिळाले. शिरस्त्राणांवर लावायचे नक्षीदार पातळ पत्रे त्यांवर उठवत असत, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी. इटलीतला बेनव्हेनुतो चेल्लिनी यानं १५६८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात काराडोसो नावाच्या सोनाराची रीत लिहिली आहे: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावरून काशाची, आणि मग त्या काशावर सोन्याचा पातळ पत्रा बसवत न्यायचा. आपल्या टाकवाल्यानं चेल्लिनी वाचला नव्हता आणि चेल्लिनीनं टाक पाहिले नव्हते. पातळ पत्रा आणि महाग धातू हाताशी असले की शहाणा माणूस ठशापाशी पोचतोच.

पण ठसा सारखा आहे म्हणून चारही टाक सारखे उठतील असं नाही, आणि खरी मेख इथंच आहे. एक पत्रा जरा जाड निघाला तर चेहरा बोथट उठतो. एक कमी तापला तर नाक बसत नाही. एक जास्त तापला तर पृष्ठभाग खडबडीत होतो. ठसा फक्त आकार सांभाळतो. बाकीचं सारं कारागिराला सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळायचं कसं हे आता झुमक्यांच्या खेपेवर पाहू.

बारा वाट्या

लग्नघरानं झुमक्यांचे सहा जोड सांगितले. म्हणजे उलट्या वाटीच्या आकाराच्या बारा घुमट्या. प्रत्येकीचा व्यास २० मिलिमीटर, पुरी अर्धगोल. पहिला प्रश्न, चकती केवढी कापायची? अंदाजानं कापणारा कारागीर दोन-तीन चकत्या वाया घालवतो. हिशेब साधा आहे. अर्धगोलाचं क्षेत्रफळ आणि सपाट चकतीचं क्षेत्रफळ सारखं धरलं, तर चकतीचा व्यास अर्धगोलाच्या व्यासाच्या १.४१४ पट येतो. २० मिलिमीटरच्या घुमटीला सव्वाअठ्ठावीसच्या आसपासची चकती. ठोकताना पत्रा थोडा ताणला जातो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून किंचित लहान चकती पुरते. किती लहान, ते पहिल्या नगावर कळतं आणि वहीत लिहून ठेवायचं असतं. ती वही पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येते.

दुसरा प्रश्न जाडीचा. ०.४ मिलिमीटर जाडीच्या, ९२५ कसाच्या पत्र्यातून काढलेली अशी चकती साधारण २.६ ग्रॅम भरते. रोलर नीट बसवलेला नसेल आणि पत्रा एका अंगाला ०.४४ झाला, तर त्या बाजूची चकती पाव ग्रॅमहून थोडी अधिक जड होते. बाराही चकत्या त्याच बाजूच्या निघाल्या तर मिळून तीन ग्रॅम. २०२५ च्या दिवाळीत चांदी किलोला दीड लाखाच्या वर होती. त्या भावानं साडेचारशे-पावणेपाचशे रुपये नुसत्या बेपर्वाईत गेले. ते कोणाच्या खिशातून जातात? गिऱ्हाइकाकडून घेतले तर ते दुसऱ्या वेळी येत नाही, आणि सोसले तर कारागिराच्या मजुरीतून जातात.

म्हणून पत्रा रोलरमधून निघाला की तो चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मायक्रोमीटरनं मोजायचा. डोळ्याला आणि बोटाला ०.०४ मिलिमीटरचा फरक कळत नाही, कितीही वर्षांचा हात असो. जुन्या कारागिरांकडे मायक्रोमीटर नव्हता, पण तराजू होता आणि ते प्रत्येक चकती तोलत. एकाच फर्म्यानं कापलेल्या दोन चकत्यांचं वजन वेगळं आलं म्हणजे जाडी वेगळी आहे, हे तराजूच सांगतो. कमी साधनांत केलेलं ते अचूक मोजमापच होतं, आणि आजही ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्यानं एवढं तरी करावं.

तिसरा प्रश्न तापवण्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. चांदी ठोकली की ती कडक होते. धातूतले कण एकमेकांवर सरकून अडकतात आणि पुढं सरकायला नकार देतात. तशीच ठोकत राहिलं तर कड चिरते. तापवलं की नवे कण बनतात आणि धातू परत मऊ पडतो. ९२५ कसाच्या चांदीला ६०० ते ६५० अंश पुरतात. या वेळी ती मंद लाल दिसते, पण फक्त अंधारात. भर दुपारी दाराशी बसून तापवणाऱ्याला तो लाल रंग दिसत नाही. दिसेपर्यंत चांदी पुढं गेलेली असते. कण मोठे होतात, आणि मग वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. तो खडबडीतपणा घासून काढायचा तर पत्रा पातळ होतो, म्हणजे वजन परत बदललं. शिवाय ९२५ मधलं साडेसात टक्के तांबं जास्त तापलं की आत काळपट डाग धरतं; ते पॉलिशनंतर वर येतात, बहुधा गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर.

उपाय कमी खर्चाचा आहे. शेगडी सावलीच्या कोपऱ्यात ठेवायची. बाराही चकत्या एकाच विटेवर, एकाच थरात मांडून ज्योत फिरवत राहायची. एका कोपऱ्याला मार्करची रेघ ओढायची. ती पुसट झाली की चांदी तयार झाली. मग पाण्यात. काळपटपणा काढायला चिंच किंवा तुरटीचं उकळतं पाणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. सौम्य गंधकाम्ल वापरायचं असेल तर तांब्याचा किंवा पितळेचा चिमटा घ्यायचा, लोखंडाचा नाही. लोखंड त्यात बुडालं की चांदीवर तांब्याचा लालसर थर बसतो.

आता घडाई. पितळी ठोकळ्यातल्या गोल खळग्यांत चकती ठेवून वरून गोल डोक्याचा दांडा मारायचा. एकदम २० च्या खळग्यात घातली तर चकतीच्या कडेला चुण्या पडतात. आधी मोठा उथळ खळगा, मग त्याहून लहान, मग शेवटचा. दांड्याचं डोकं खळग्यापेक्षा पत्र्याच्या दुप्पट जाडीइतकं लहान हवं, नाही तर कड चेपते आणि तिथली चांदी पातळ होते.

आणि इथं तो नियम येतो ज्यावर बारा नगांचं नशीब ठरतं. एक नग पुरा करून दुसरा हाती घ्यायचा नाही. बाराही चकत्या पहिल्या खळग्यातून काढायच्या, बाराही एकदम तापवायच्या, बाराही दुसऱ्या खळग्यात. प्रत्येक पायरीवर तीच हातोडी, तेवढेच ठोके, कडेपासून सुरू करून मध्याकडे, चकती फिरवत. असं केलं की हात एका हालचालीला बसतो. सकाळचा ताजा हात पहिल्या नगाला आणि संध्याकाळचा थकलेला हात बाराव्याला, अशी वाटणी होत नाही; थकवा आला तरी तो बाराजणींत सारखा वाटला जातो. मला वाटतं, छोट्या कारखानदारीचं सगळं शास्त्र या एका सवयीत आहे, आणि ती लावून घ्यायला एक पैसा पडत नाही.

घुमट्या तयार झाल्या की त्यांची उंची सारखी करायची. २० मिलिमीटरचं भोक पाडलेली जाड लोखंडी पट्टी घ्यायची, घुमटी त्यात बसवायची आणि वर उरलेली कड कानशीनं पट्टीच्या पातळीला आणायची. हा फर्मा कारागीर स्वतः करू शकतो. दोन घुमट्या जोडून पोकळ मणी करायचा असेल तर आधी एक बारीक भोक पाडायलाच हवं. आतली हवा तापून फुगली की जोड फुटतो आणि डाक डोळ्याकडे उडते. डाकेचे तुकडेही आधीच सारखे कापून ठेवावेत. डाकेत चांदी कमी असते, म्हणून एका नगाला जास्त डाक लागली की त्याचा कस खाली येतो, आणि हॉलमार्कच्या तपासणीत ते उघड होतं.

पाटल्यांचं गणित याहून सोपं. आतला व्यास सव्वादोन इंच म्हणजे ५७ मिलिमीटरच्या किंचित वर, पट्टी १ मिलिमीटर जाड. दोन्ही मिळवून ३.१४ नं गुणलं की पट्टीची लांबी १८२.६ मिलिमीटर येते. जाडी मिळवायची विसरतात म्हणून पाटली घट्ट होते. पट्टीत १ मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात जेमतेम ०.३ चा, पण मनगटाला तो कळतो.

ट्रक उचलणारा जॅक

हाताच्या ठोक्यापेक्षा अधिक एकसारखा दाब हवा असेल, तर त्यासाठी सुरतेला जायची गरज नाही. मुक्ताईनगरातून जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या गॅरेजांत ट्रक उचलायला जो वीस टनी बाटली जॅक वापरतात, तोच लोखंडी चौकटीत बसवला की पत्रा दाबायचा प्रेस होतो. जगभरातले छोटे दागिने-कारागीर हेच करतात. जाड ॲक्रिलिकच्या किंवा लोखंडाच्या तुकड्यात हवा तो आकार आरपार कापायचा, त्यावर मऊ केलेला पत्रा ठेवायचा, वर युरेथेनची गादी आणि जॅकचा दांडा. पत्रा त्या आकारातून फुगून खाली उतरतो, घुमटी होतो, पानाचा किंवा कोयरीचा उठाव होतो. जॅकला दाबमापक जोडला तर आकडा वहीत लिहिता येतो, आणि तेराव्या नगाला तोच आकडा देता येतो. हाताचा ठोका वहीत लिहिता येत नाही. प्रेसचा खरा फायदा तो आहे.

कापण्यासाठीही अशीच युक्ती आहे. पोलादी पट्टीत बारीक पात्यानं, थोडं तिरकं धरून, आकाराच्या कडेनं एकच काप घ्यायचा आणि आकाराचा तुकडा एका टोकाला पट्टीला जोडलेला ठेवायचा. त्या फटीत पत्रा सरकवून दाबला की चकती किंवा कोयरी कापून बाहेर पडते. एका ठशातून कित्येक नग, सगळे एकाच मापाचे. करवतीनं बारा कोयऱ्या कापणाऱ्याचा वेळ यात वाचतो.

एक सूचना मात्र ठळकपणे करतो. ॲक्रिलिकला चीर गेली आणि वर वीस टनांचा दाब असला तर तुकडा गोळीसारखा सुटतो. पुढं जाड पारदर्शक आडोसा आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर हा प्रेस वापरूच नये.

प्रेसनं सगळंच काम होतं असं नाही. टाकाच्या चेहऱ्यावरची शेवटची छिन्नी हातानंच चालते, आणि चालली पाहिजे. हुपरीत पैंजणाचं काम घराघरांत वाटलेलं आहे. एका घरी एक टप्पा, दुसऱ्या घरी दुसरा. तिथंही एकसारखेपणा येतो तो प्रत्येक घर आपला एकच टप्पा वर्षानुवर्षं करत आल्यामुळं. मुक्ताईनगरच्या एकट्या कारागिराला सगळे टप्पे स्वतःच करायचे असतात. त्याला हुपरीची विभागणी आपल्या दिवसातच करावी लागते: सकाळी फक्त कापणं, दुपारी फक्त घडाई, दुसऱ्या दिवशी फक्त जोडकाम.

पैशाची बाजूही अलीकडे बदलली आहे. जळगावचा सराफ बाजार सोन्यासाठी ओळखला जातो. राजमल लखीचंद ही पेढी १८५४ ची, आणि या बाजाराला सुवर्णनगरी हे नाव काही उगाच पडलं नाही. सोन्याच्या बारीक कामावर तिथं बंगाली कारागिरांचा हात बसला आहे. तालुक्याच्या अहिर सोनाराला त्या स्पर्धेत जागा कमी. पण चांदीचा भाव चढल्यापासून चांदीचा छोटा, देखणा, हातचा दागिना शहरातल्या मुलींनाही हवासा झाला आहे, आणि तो दोन-पाच जोडांच्या खेपेत मागितला जातो. एवढ्याशा मागणीसाठी मोठा कारखाना ठसा बनवत बसत नाही. ही जागा तालुक्याच्या कारागिराची आहे.

तिथं उभं राहायला कसाचा पुरावा लागेल. चांदीचं हॉलमार्किंग भारतीय मानक ब्युरोनं २००५ मध्ये सुरू केलं. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या नगावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक येतो, तो मोबाइलवर तपासता येतो. चांदीला हे अजून ऐच्छिक आहे. माझं मत असं, की ऐच्छिक आहे म्हणूनच छोट्या कारागिरानं ते आधी करून घ्यावं. ज्याचे बारा नग एकाच लगडीचे आहेत, त्याला तपासणीची भीती नाही.

साधनांसाठी सरकारी वाटही आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. या १५,००० रुपयांतून पहिल्यांदा काय घ्यावं असं कोणी मला विचारलं तर मी पॉलिशची मोटार सांगणार नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि एक जाड वही घ्यावी. योजनेच्या शिक्षणात नक्षीइतकंच मोजमाप शिकवलं जावं, अशी मागणी सुवर्णकार संघटनांनी लावून धरायला हवी.

आणि गिऱ्हाइकांनाही काही सांगायचं आहे, कारण अर्धं काम त्यांच्याच हातात आहे. तुळशीचं लग्न लागलं की आठ दिवसांत सहा जोड मागू नका. महिनाभर आधी सांगा. आधी एकच नग करून घ्या, तो हातात घेऊन पाहा, पसंत असेल तर तो कारागिराकडेच ठेवा, म्हणजे बाकीचे त्याच्यावरून निघतील. माल घेताना एकूण वजन बघून थांबू नका, प्रत्येक नग वेगळा तोलून मागा. नग सारखे भरले तर मजुरीत घासाघीस करू नका. आणि घरातले टाक झिजले असतील, भावांचे देव्हारे वेगळे होणार असतील, तर पुडीतला छापील टाक उचलण्याआधी आपल्या गावच्या सोनाराला एकदा विचारा, की आजोबांच्या वेळचा ठसा त्याच्याकडे अजून आहे का.